पावसाविना वाढलेला साठा

मराठी पत्रकारितेला माझे योगदान चार बोटे रुंद आणि दोन बोटे उंच होते. पान तीनच्या डाव्या कोपऱ्यात, बाजारभावाच्या खाली आणि ‘हरवले आहे’च्या वर ते रोज छापून येई. चौकटीवर मथळा असे ‘धरणातील साठा’ आणि आत एकच आकडा, टक्क्यांत. खाली माझे नाव नसे. तरी सकाळी पेपर हातात आला की मी आधी तीच चौकट पाहायचो, जणू काल मीच पाठवलेला आकडा रात्रीतून बदलला असेल. एकदा तो बदलला. त्याची ही हकिगत.

लातूर जिल्हा नवा झाला तेव्हा मी नांदेडच्या एका दैनिकात डेस्कवर होतो. दोन जिल्ह्यांच्या नव्या सीमेवर आपला माणूस हवा, असे संपादकांना वाटले. त्यांनी नकाशावर बोट ठेवले आणि त्या बोटाखाली जळकोटच्या बाजूचे एक बाजाराचे गाव आले. अशा रीतीने मी तिथे राहायला गेलो. कचेरी म्हणजे शेंगदाण्याच्या आडतीवरची एक खोली. खाली पोती, वर मी. दारावर पाटी लावली: ‘जिल्हा प्रतिनिधी, नांदेड व लातूर’. समोरच्या न्हाव्याने ती दोनदा वाचली.

“म्हंजे दोन्ही कलेक्टर तुमच्या हाताखाली?”

“तसं नाही. मी दोन्हीकडच्या बातम्या देतो.”

“मंग पगार बी डबल आसंल.”

तो डबल नव्हता. डबल होती ती फक्त पाकिटे. संध्याकाळी एक पाकीट लोह्यावरून नांदेडला जाणाऱ्या एसटीच्या कंडक्टरकडे द्यायचे, दुसरे लातूरच्या गाडीत. नांदेडच्या आवृत्तीत नांदेडचे वाचक, लातूरच्या नव्या आवृत्तीत लातूरचे. बातम्या वेगळ्या, चौकट मात्र दोन्हीकडे तीच, कारण धरण एकच होते. नव्या जिल्ह्याची सीमा आखली गेली तेव्हा धरणाची भिंत आणि डावा कालवा नांदेडकडे राहिला. भिंतीमागे साचणाऱ्या पाण्याचा फुगवटा नव्या जिल्ह्यात शिरला. कालव्याचे पाणी लोह्याकडच्या शेतीला जाई. आमच्या गावासह लातूरकडची काही गावे त्याच धरणातून पंपाने पाणी उचलून पीत.

डेस्कवर मला एक गोष्ट शिकवली होती: विशेषण कापा, आकडा ठेवा. ती मी इतकी मनावर घेतली की घरीही तसाच बोलू लागलो. आमटी तिखट झाली असे न म्हणता ती कालच्या दीडपट तिखट झाली, असे म्हणत असे. बायको म्हणायची, “कालची मोजली होती का?” कालची मोजलेली नसे.

नव्या जिल्ह्याची विशेष पुरवणी निघाली तेव्हा मी धरणाचा इतिहास लिहिला. पाहणी निजामाच्या अमदानीत झाली होती. बांधकाम मात्र राजवट गेल्यावर सुरू झाले. मातीकामाला पालमूरकडचे तेलुगू मजूर आले होते. त्यांतली काही कुटुंबे इथेच राहिली आणि आता त्यांची नातवंडे आमच्याहून अस्सल मराठवाडी बोलत होती. फुगवट्यात गेलेल्या गावातले लोक वर माळावर वसले होते आणि पाणी उतरले की आपापली जोती दाखवायला पाहुण्यांना घेऊन जात. हे सगळे मी लिहिले. भिंतीच्या तोंडाशी एक दगड आहे, त्यावर धरणाची पूर्ण क्षमता कोरलेली आहे. ती मी उतरवून घेतली आणि लेखाचा शेवट केला: ‘कागदावरचे आकडे बदलतात, दगडात कोरलेला आकडा बदलत नाही.’ हे वाक्य मला फार आवडले होते. ते त्या पुरवणीत अजून तसेच आहे.

त्याच उन्हाळ्यात मी गाळपेऱ्यावर दुसरा लेख लिहिला. पाणी मागे हटते तसतशी धरणाच्या पोटातली ओली जमीन उघडी पडते आणि लोक तिच्यात भुईमूग, काकडी, टरबूज लावतात. त्याला गाळपेरा म्हणतात. त्या गाळात मी गुडघ्यापर्यंत रुतलो आणि मला दोघांनी ओढून काढले, हे मी वर्णनात घेतले. गाळ किती सुपीक, किती काळा, किती खोल, सगळे लिहिले. एवढा गाळ धरणाच्या पोटात असेल तर तिथे पूर्वी जे पाणी मावायचे ते आता कुठे मावत असेल, हा प्रश्न मला पडला नाही. दोन्ही लेख एकाच फायलीत लावून मी ती फाईल कपाटात ठेवली.

माझी थोरली बहीण नांदेड जिल्ह्यात, कालव्याच्या अगदी शेवटच्या गावी दिलेली. अशा गावाला तिकडे टेलचे गाव म्हणतात. टेलच्या गावाला पाणी सगळ्यांचे घेऊन झाल्यावर मिळते, मिळालेच तर. पण पाणीपाळी सुटली, म्हणजे ठरलेल्या दिवसांसाठी कालवा वाहता केला, की चारीतले, म्हणजे कालव्याच्या फाट्यातले, पाणी जमिनीत मुरून विहिरींना फुटते. आटलेल्या विहिरी काही आठवडे भरतात. म्हणून त्या गावांत लग्नाची तिथी काढण्याआधी पाटबंधारे खात्याकडे चौकशी होते. पाळी सुटली की एकाच आठवड्यात गल्लीत चार-चार मांडव पडतात आणि एका घरचा पाहुणा दुसऱ्याच घरी जेवून जातो. पाळी न सुटल्यास मुली दुसऱ्या वर्षापर्यंत थांबतात.

ताईच्या थोरलीचे जमले तेव्हा दुष्काळाचे दुसरे वर्ष होते. स्थळ उदगीरचे, डाळीचे व्यापारी, आमच्यातलेच. शिवभक्त, शांत, फार हळू बोलणारे. बैठकीत सगळे ठरले आणि पान-सुपारी फिरू लागली तेव्हा व्याह्यांनी हात जोडले.

“पाण्याचे दिवस न्हाईत. लग्न उदगीरला लावू. कार्यालय हाय, बोअर हाय, नळ हाय. तुम्ही फक्त माणसं घेऊन या.”

दाजी म्हणाले, “बघू की.”

“बघा. शिमग्यापर्यंत सांगा. तुम्हाला तकलीफ नको, एवढंच.”

आत ताईच्या हातातली चहाची भांडी वाजायची एकदम थांबली. मी ते ऐकले, कारण मी दुसऱ्या कपाची वाट पाहत होतो.

ताईचे स्वतःचे लग्न आधीच्या एका दुष्काळात झाले होते. आमच्या गावात प्यायला पाणी नव्हते. दाजींच्या विहिरीला होते. मग आमच्या वडिलांनी मुलगी, वऱ्हाड आणि स्वयंपाकाची भांडी ट्रकमध्ये घालून नवऱ्याच्या गावी नेली आणि तिथे लग्न लावले. त्यात कोणाला काही गैर वाटले नव्हते. पण पुढे सासरी कधी शब्दाला शब्द लागला की जावा म्हणत, “हिला तर दारात आणून दिली.” भांडणात म्हणत, थट्टेतही म्हणत. ताईचे केस पिकले तरी म्हणत.

व्याही गेल्यावर ती बाहेर आली.

“माझ्या लेकीचं लग्न माझ्या दारात हुईल. हळदीचं न्हाण आपल्या विहिरीच्या पाण्याचं. न्हाईतर हिला बी जलमभर ऐकावं लागंल.” मग माझ्याकडे वळली. “तू धरणाचं लिहितूस ना? पाळी सुटंल का न्हाई, तेवढं सांग.”

मी सांगितले की सध्या साठा वीस टक्के असून, पिण्याच्या पाण्याचे आरक्षण लक्षात घेता, आवर्तनाबाबतचा निर्णय कालवा समितीच्या बैठकीवर अवलंबून राहील.

ताई म्हणाली, “हे तर मी पेपरात वाचलंय.”

“तेच सांगितलं.”

“आरं, पेपर मी रोज वाचते. तुला भाऊ म्हणून इचारून राहिले.”

भाऊ म्हणून माझ्याकडे वेगळी माहिती नव्हती. भाची दारात उभी होती. ती म्हणाली, “मामा, उदगीरला बी चालंल मला.” ताईने तिच्याकडे असे पाहिले की ती आत गेली.

धरणापुरता एक दंडक होता. पावसाळा लागेपर्यंत एक चतुर्थांश साठा पिण्यासाठी राखायचा. त्याहून जास्त असेल तरच शेतीच्या पाळीचा विषय बैठकीत घ्यायचा. वीस म्हणजे विषयच नाही. हे ताईला सरळ सांगायला हवे होते, पण मला ‘अवलंबून राहील’ हा शब्दप्रयोग सोडवत नव्हता. नोकरीत त्याने मला पुष्कळदा वाचवले होते.

मग तो दिवस आला. रोजच्याप्रमाणे मी खालच्या आडतीतून पाटबंधारेच्या उपविभागाला फोन लावला. रोजचाच कारकून होता.

“साहेब, लिवून घ्या. तीस.”

“काल वीस होते.”

“आज तीस हाय.”

“नक्की?”

“तीस म्हणलं की.”

डेस्कवर शिकवले होते की महत्त्वाची माहिती दोनदा विचारून खात्री करावी. मी दोनदा विचारले होते. पाऊस कुठे पडला, हा प्रश्न मात्र मनात आला, कारण खिडकीबाहेर महिनोन्महिने कोरडे आभाळ होते. त्याचे उत्तर मीच दिले: वरच्या अंगाला कुठेतरी, पाणलोटात. आणि बातमी लिहिली. ‘धरणाच्या साठ्यात लक्षणीय वाढ’. खाली उपमथळा, ‘शेतकऱ्यांत समाधान’. त्या दिवशी आडतीचा हमाल आणि न्हावी यांच्याखेरीज मला कोणी भेटले नव्हते. दोघांकडेही शेती नव्हती. विशेषण कापण्याचा नियम ‘लक्षणीय’ला का लागला नाही, ते सांगता येत नाही.

बातमी छापून आली त्याच्या दुसऱ्या दिवशी पहिल्या एसटीने दाजी आले. काखेत पेपर, हातात पेढ्यांचा पुडा.

“पाव्हणं, तिथी काढली.”

“कशाची?”

“लग्नाची, आणखी कशाची. मठातल्या स्वामींकडं पहाटंच गेलो. येता येता लोह्यातनं व्याह्याला फोन केला. म्हणलं, पाणी आलं धरणात, लग्न आमच्या दारात.” त्यांनी पेपर उघडून माझ्यासमोर धरला, जणू मी तो पाहिला नसेल. “तुझी बहीण तर कालपासून हसून राहिली.”

मी पेढा खाल्ला. दाजी गेल्यावर उपविभागातल्या अभियंत्याला फोन केला. तरुण माणूस, नुकताच बदलून आलेला, सभ्य.

“पाऊस कुठं झाला?” मी विचारले.

“पाऊस? नाही हो. नवीन क्षमता लागू झाली परवापासून. गाळाची पाहणी झाली होती ना, तिचं काम संपलं. धरणाची क्षमता जवळजवळ तिसऱ्या हिश्शानं कमी झालीय.”

“कमी झाली तर टक्के वाढले कसे?”

तो लहान मुलाला सांगावे तसे बोलला. “असं बघा. आपण आजवर पाणी घागरीत मोजत होतो. मोजल्यावर कळलं की घागर नाहीच, कळशी आहे. बाकीची जागा गाळानं भरलीय. पाणी होतं तेवढंच आहे. घागरीत ते पाचवा हिस्सा दिसत होतं, कळशीत तिसऱ्या हिश्शाच्या जवळ दिसतं.”

“मग हे आम्हाला कळवायला नको?”

“तुम्ही रोज टक्के विचारता. आम्ही टक्के सांगतो. पाण्याची पातळी विचारली असती तर ती कालच्यापेक्षा बोटभर खालीच आहे.”

पातळी सुरुवातीला मी विचारत असे. चौकटीत जागा पुरेना म्हणून मीच ती काढून टाकली होती.

दुपारच्या गाडीने मी ताईच्या गावी गेलो. पारावर दहा-बारा जण बसले होते, दाजीही होते. त्या गावात मला लहानथोर सगळे मामा म्हणतात, साठीचे लोकसुद्धा. मी उभा राहून सगळ्यांना घागर आणि कळशी समजावून सांगितली. मला ते अभियंत्यापेक्षा चांगले जमले असे वाटले. सगळ्यांनी शांतपणे ऐकले.

मग एकजण म्हणाला, “मामा, म्हंजे पयली घागर व्हती.”

“हो.”

“आता कळशी ऱ्हायली.”

“बरोबर.”

“मंग बाकीची घागर कुणी नेली?”

“कुणी नेली नाही. गाळ भरला.”

“गाळ कुठनं आला?”

“वरून. नदीतून वाहत येतो.”

“वर कोण हाय?”

उत्तर पारावर सगळ्यांना मालूम होते. वर लातूर होते. दुसरा म्हणाला, “जिल्हा नवा करताना धरणातला बी हिस्सा नेला म्हणा की. आन आपल्याला सांगतेत, गाळ हाय.”

“आरं, मामाचा काय दोष. त्यांचं घर तिकडं हाय. तिकडचं खातेत, तिकडचं बोलतेत.”

दाजी उठून घराकडे चालू लागले. घरी गेल्यावर ताईला तेच पुन्हा सांगितले. तिने पीठ मळता मळता ऐकले.

“काल छापलं ते तूच छापलं ना?”

“हो.”

“आन आज ते खोटं म्हणतूस.”

“खोटं नाही. आकडा बरोबर आहे. पाणी वाढलेलं नाही.”

“तुला लग्न उदगीरला पाहिजे,” ती म्हणाली. “व्याह्यानं सांगितलं का तसं बोलायला?” ती रागात नव्हती, याचेच मला जास्त वाईट वाटले. ती फक्त विचारत होती.

मग मी मला येत असलेली एकच गोष्ट केली. खुलासा छापला. ‘धरणाच्या साठ्यात वाढ झालेली नसून क्षमतेत घट झाल्याने टक्केवारी वाढली आहे.’ तीन वेळा लिहून पाहिले. याहून नेमके वाक्य मला आजही सुचत नाही. ते आतल्या पानावर बारीक टाइपात आले. आठवड्याच्या बाजारादिवशी टेलच्या गावांतले लोक उपविभागाच्या कचेरीवर चालून गेले. पुढच्या माणसाच्या हातात पुठ्ठा होता. त्यावर माझी पहिली बातमी डकवलेली होती आणि तिच्याखाली खुलासा. पहिलीभोवती लाल रंगाचे कडे, दुसरीवर आडवी रेघ. पुठ्ठा दाजींनी धरला होता.

“तीस टक्के हाय, पाळी पाहिजे,” लोक म्हणत होते. घोषणा मोजून-मापून होती. त्यात एकही विशेषण नव्हते.

मोर्चाची बातमी देणे माझे काम होते. नांदेडच्या पाकिटात मी घातले: ‘हक्काच्या पाण्यासाठी टेलचे शेतकरी रस्त्यावर’. लातूरच्या पाकिटात घातले: ‘पिण्याच्या पाण्यावर डोळा, नागरिकांत चिंता’. मजकूर जवळजवळ सारखा होता. दोन्हींच्या वर ‘आमच्या प्रतिनिधीकडून’ असे होते आणि तेही खरे होते. आमच्या घरी लातूरची आवृत्ती येई. बायकोने ती वाचली.

“कोण हे आपल्या पाण्यावर डोळा ठेवणारे?”

“दाजी,” मी म्हणालो.

“आणि चिंता कुणाला वाटून राहिली?”

मी सांगितले की अजून कोणाला विचारलेले नाही. ती म्हणाली, “मला विचारा. मला वाटते.”

समितीच्या बैठकीला मी मागच्या बाकावर बसलो होतो. अभियंत्याने उठून घागर-कळशी सांगायला सुरुवात केली. लातूरकडचे सदस्य माना हलवत होते, लोह्याकडचे हसत होते. अध्यक्ष कामात असलेले गृहस्थ होते.

“तीस आहे की नाही?” त्यांनी विचारले.

“आहे, पण राखीव चतुर्थांश सुद्धा आता लहान—”

“पंचविसाच्या वर आहे ना?”

“आहे.”

“मग दंडकात बसतं. एक पाळी द्या.”

लातूरकडून निषेध नोंदवला गेला. अशा रीतीने, माझ्या माहितीप्रमाणे, मराठवाड्यात प्रथमच गाळामुळे कालव्याला पाणी सुटले. हे वाक्य मी बातमीत लिहिले होते. संपादकांनी कापले.

पाणी टेलला पोचायला वेळ लागतो, कारण वाटेत सगळ्यांचे डोळे असतात. दाजी आणि गावातले काही जण रात्रंदिवस चारीवर राखणीला होते. मी पोचलो त्या सकाळी पाणी आले. पाणी म्हणण्यापेक्षा त्याचा एक ओठ आला. कोरड्या चारीतून फेस, बाभळीच्या शेंगा आणि एक प्लास्टिकची चप्पल पुढे ढकलत तो सरकत होता, माणूस सावकाश चालेल त्या गतीने. दाजी त्याच्यापुढे अनवाणी उलटे चालत होते, पाहुण्याला घराकडे आणावे तसे. बांधावरून गाव चालत होते.

“मामा,” पारावरचाच कोणीतरी म्हणाला, “तुमच्या पेपरानं पाणी आणलं.”

“पेपरनं नाही आणलं.”

“ऱ्हाऊ द्या. लई करू नका.”

त्यांना तो विनय वाटला. आयुष्यात माझ्या विनयाची तेवढी एकदाच दखल घेतली गेली.

विहिरीला पाझर फुटला. ताई सकाळ-संध्याकाळ काठावरून खाली पाहायची आणि कुठला दगड बुडाला ते सांगायची. हळदीच्या दिवशी भाचीला दारातल्या पाटावर बसवून न्हाऊ घातले. पहिला तांब्या ताईने स्वतः ओतला, मग जावांनी. जावांपैकी एकीने तांब्या भरून हातात धरला आणि म्हणाली, “हिला कुठं आणून द्यायची न्हाई बाई.” ताईने हंडा जावेकडे सरकवला: आणखी घे.

दुसऱ्या दिवशी व्याही वऱ्हाड घेऊन आले. मांडवात बसण्याआधी ते विहिरीकडे गेले, काठावर हात ठेवून वाकले आणि बराच वेळ पाहत राहिले.

“पाणी हाय,” ते म्हणाले.

“चाखा की,” दाजी म्हणाले.

त्यांनी चाखले. मामा म्हणून नवरीला हाताला धरून बोहल्यापर्यंत नेण्याचे काम माझे होते. मी ते केले. ते करताना मांडवातल्या पाहुण्यांची संख्या मनात मोजत होतो, हे भाचीला कळले असावे. “मामा, पुढं बघा,” ती हळूच म्हणाली.

पाऊस त्या वर्षीही उशिरा आला. राखून ठेवलेला चतुर्थांश कळशीचा होता, घागरीचा नव्हता. तो पावसाच्या आधीच तळाला गेला. आमच्या गावचे नळ आधी दिवसाआड, मग आठवड्याने आणि मग यायचेच थांबले. टँकर बाजारात उभा राही आणि मी दोन्ही जिल्ह्यांचा प्रतिनिधी, दोन्ही हातांत एकेक घागर घेऊन न्हाव्याच्या मागे रांगेत उभा असे.

“साहेब, पेपरात तीस व्हतं ना? कुठं गेलं?”

तो सहज विचारत होता. मी म्हणालो, बाष्पीभवन फार आहे. मला नेमके ठाऊक होते. त्यातले थोडे माझ्या भाचीच्या अंगावरून हळदीसकट वाहून गेले होते. थोडे व्याह्यांनी चाखले होते.

लग्नानंतर भाची-जावयाला मामाकडे जेवायला बोलवायचे असते. आम्ही बोलावले होते, नळ सुरू असताना. दिवस जवळ आला तेव्हा बायको म्हणाली, “जावयाचे पाय कशानं धुणार? आकड्यानं?” निरोप पाठवून पुढे ढकलावे असे ठरले, पण निरोप पोचण्याआधी ती दोघे ताईच्या गावाहून निघालेली होती. मी स्टँडवर गेलो. एसटीतून आधी जावई उतरला, एका हातात कॅन, दुसऱ्या हातात कॅन. गोडेतेलाचे, धुऊन घासून घेतलेले. मागून भाची, तिसरा कॅन कमरेवर.

“हे काय गं?”

“पाणी. आमच्या विहिरीचं. आईनं दिलं.” तिने तो खाली ठेवला. “म्हणली, मामाकडं पाणी न्हाई, पेपरात आलंय.”

चौकटीत त्या दिवशी शून्य छापून आले होते. ताई रोज वाचत होती.

बायकोने तिन्ही कॅन मोरीजवळ ओळीने मांडले. मग एकातले पाणी स्वयंपाकाला घेतले, दुसऱ्यातल्या एका तांब्याने जावयाचे पाय धुतले आणि तिसरा पलंगाखाली सरकवला. जेवण झाल्यावर जावई मोरीत उभा राहून हात धुऊ लागला. उदगीरचा माणूस, घरी बोअर. त्याने तांब्या सगळाच्या सगळा हातावर उपडा केला आणि दुसरा घ्यायला वाकला. आम्ही दोघे बघत होतो. जावयाला कसे म्हणणार. भाचीने त्याचे मनगट धरले.

“अहो, पुरे. ते मामांचं पाणी हाय.”

ते खरेच होते. धरणातून आमच्या नळाला यायचे ते पाणी कालव्याने टेलला गेले, तिथे विहिरीत मुरले आणि तेलाच्या कॅनमधून एसटीने आमच्या घरी आले. त्या संध्याकाळी मला हे बातमीसाठी लिहून काढावेसे वाटले. मथळाही सुचला. पण ती नांदेडच्या पाकिटात घालायची की लातूरच्या, हे ठरेना, आणि तेवढ्यात दोन्ही गाड्या निघून गेल्या.